इनासबाबाचा दगड

शांतारामने दगडाला हात लावायला साफ नकार दिला.

“साहेब, शेंदराचा हाय. माझ्याच्यानं नाय व्हायचं.”

मी त्याला समजावलं, हा काही देव नाही. इथे एका फादरांना मारलं होतं, त्या जागेची ही खूण आहे.

“मंग तुमचाच हाय,” तो म्हणाला. “तुमीच उचला.”

शांताराम माझा कारकून. कशेळ्याचा, माझ्याहून वयाने मोठा. कर्जतच्या कोर्टात मी काहीही सांगितलं तरी ‘हो साहेब’ म्हणणारा माणूस. त्या दिवशी तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. दगड भरल्या कळशीएवढा जड होता. मी तो छातीशी धरून ओढ्यापर्यंत नेला आणि डोहात सोडला. नारळाच्या करवंट्या, बांगड्या, कोंबडीची पिसं झुडपात टाकली. औषधाच्या बाटलीची केलेली रॉकेलची एक चिमणी होती, तीही टाकली. माझ्या शर्टावर शेंदूर लागला होता. परतताना शांताराम एवढंच म्हणाला, “मी आलोच नाय, असं धरा.”

हे का केलं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. नावं बदलली आहेत, कारण चौकशीचे कागद गोपनीय असतात. माझं नाव सांगत नाही, त्याला मात्र तेवढं चांगलं कारण नाही.

माझे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. मूळचे आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, वडिलांच्या नोकरीमुळे कर्जतला आलो. मी कर्जत आणि खालापूरच्या कोर्टांत वकिली करतो. दिवाणी कामं जास्त. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फादर ग्रेगरी माझ्याकडे आले आणि म्हणाले, फादर इनासांचं बीटिफिकेशनचं काम उघडतंय, तुम्ही नोटरी व्हाल का?

बीटिफिकेशन म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. चर्च मृत व्यक्तीला ‘धन्य’ म्हणून जाहीर करतं. त्यासाठी आधी चौकशी होते, आणि ती जवळजवळ कोर्टासारखीच असते. बिशपांनी नेमलेले न्यायाधीश असतात. मृत व्यक्तीची बाजू मांडणारे असतात, ते आमचे फादर ग्रेगरी. मुद्दाम आक्षेप काढणारेही एक फादर असतात. आणि नोटरी असतो. साक्षीदार जे बोलेल ते, तेवढंच, लिहून घेणं हे त्याचं काम. मी बायबलवर हात ठेवून तशी शपथ घेतली होती.

फादर इनास पन्नासच्या दशकात या भागात फिरायचे. कर्जतहून चालत कशेळ्याच्या वरच्या वाड्यांवर जायचे. खांद्याला औषधांची पेटी, गळ्यात क्रूस. कोळशाच्या भट्ट्यांवर ठेकेदार तिथल्या ठाकर आदिवासींकडून वेठीने काम करून घेत असत. फादर त्या माणसांना भट्टीवरून उठवून घरी पाठवू लागले. ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना एका ओढ्याच्या काठी गाठलं आणि काठ्यांनी मारलं. पोलिसांच्या कागदांत ‘कड्यावरून पडून मृत्यू’ असं आहे. पुढे कोणी विचारलं नाही. त्या वाड्यांवर फादरांनी बाप्तिस्मा किती जणांना दिला? एकालाही नाही.

आता मुद्दा असा, की श्रद्धेपायी मारला गेला असेल तरच चर्च माणसाला हुतात्मा म्हणतं. तसं सिद्ध झालं तर चमत्काराचा पुरावाही सहसा मागत नाहीत. पण भट्टीच्या भांडणातून मारला गेला असेल तर तो नुसता खून. हा फरक सांगू शकणारी एकच व्यक्ती जिवंत होती. त्या ओढ्याजवळच्या वाडीतली पदीबाई.

मी तिला चौकशीच्या महिनाभर आधी भेटलो. काळी, सडपातळ, कपाळावर गोंदण. घटनेच्या दिवशी ती दहा-बारा वर्षांची होती, ओढ्यात खेकडे धरत होती. ती मला त्या जागी घेऊन गेली, दगडावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. ठेकेदाराच्या मुकादमाने फादरांना गळ्यातला क्रूस काढायला सांगितला. हा फेकून दे, पुन्हा इथे येणार नाही म्हण, मग सोडतो. फादर नाही म्हणाले. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग पहिली काठी पडली.

“हा दगड कोणी मांडला?” मी विचारलं.

“मीच. रगत सांडलंवतं तितं पाय पडू नाय म्हणून. मंग लोक यायला लागलं. पोराला ताप आला की येतात.”

मी फादर ग्रेगरींना साक्षीचं सांगितलं, दगडाचंही सांगितलं. साक्षीचं ऐकून ते खूश झाले, दगडाचं ऐकून काळजीत पडले. चर्चचा एक जुना नियम आहे. चर्चने जाहीर करण्याआधी कोणी त्या व्यक्तीची संत म्हणून उघड पूजा करायची नाही. न्यायाधीश तशी जागेची पाहणी करतात आणि ‘अशी पूजा चालत नाही’ असं लिहून देतात. तसं लिहून देता आलं नाही तर काम अडतं. फादर म्हणाले, “बघू. मोन्सिनियरांनाच विचारू काय करायचं ते.”

मोन्सिनियर म्हणजे मुंबईहून येणारे न्यायाधीश. वयस्कर, चर्चच्या कायद्याचे जाणकार.

इतकी वर्षं मी हा प्रसंग ज्या दोन-तीन जणांना सांगितला, त्यांना असं सांगितलं, की फादर ग्रेगरींनी मला जागा साफ करायला सांगितली. त्यांनी सांगितली नव्हती. त्यांनी विचारू म्हटलं होतं. मी विचारण्याची वाट पाहिली नाही.

आणि नियमाची भीती हे कारणही अर्धंच आहे. खरं कारण लिहायला आजही हात जड होतो. मला त्या दगडाची लाज वाटत होती. कोर्टाच्या बार रूममध्ये कोणी गमतीने म्हणायचं, “काय हो, तुमच्याकडे नवस-बिवस नसतात ना?” आणि मी ताठ मानेने म्हणायचो, नसतात. मुंबईच्या त्या विद्वान माणसाला मी वाडीत घेऊन जाणार, आणि तिथे आमच्या फादरांच्या जागी शेंदूर, पिसं आणि बांगड्या. मला ते नको होतं. म्हणून पाहणीच्या दोन दिवस आधी शांतारामला घेऊन मी वर गेलो. पदीबाई लाकडं आणायला गेली होती. तिला सांगण्याची गरज मला वाटली नाही.

पाहणीच्या दिवशी आम्ही जीपने कशेळ्यापर्यंत आणि पुढे चालत गेलो. मोन्सिनियर, आक्षेपवाले फादर, फादर ग्रेगरी आणि मी. भातं कापून झाली होती, वाट मोकळी होती. दगड कुठे दिसत नाही हे फादर ग्रेगरींच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तारीख लिहीत होतो.

पदीबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. मोन्सिनियरांना आणि आक्षेपवाल्या फादरांना मराठी येत नव्हतं, दुभाषाही मीच. ते म्हणाले, ती ख्रिस्ती नाही, तेव्हा तिला बायबलची शपथ देऊ नका. तिला जे पवित्र वाटतं त्याची शपथ घेऊ द्या.

मी तिला तसं सांगितलं. ती ओढ्याच्या काठी गेली. दगड जिथे होता तिथे मातीत ओलसर खळगा होता. ती वाकली, खळग्यात हात घातला, आजूबाजूला पाहिलं. झुडपातली पिसं तिला दिसली असणार. मग सावकाश परत आली.

“ज्याची शपत घ्यायची तो जाग्यावर नाय,” ती म्हणाली.

मोन्सिनियरांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, तिला शपथ घ्यायची नाही.

शपथ नाही तर साक्ष नाही. मोन्सिनियर चांगला माणूस. त्यांनी मला पुन्हा विचारायला लावलं, न घाबरता सांग म्हणावं. मी विचारलं. तिने मान हलवली. मग त्यांनी पाहणीचा प्रश्न विचारला. इथे कोणी प्रार्थनेला, नवसाला येतं का?

“येत हुते,” पदीबाई म्हणाली. “आता कोनाकडं येतील?”

मी लिहिलं, ‘सध्या येथे कोणी येत नाही.’

तिने माझ्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वकीलदादा, तुमाला ठावं हाय.”

“हे काय म्हणाली?” आक्षेपवाल्या फादरांनी विचारलं.

“म्हणते, मला जे माहीत होतं ते वकिलांना पूर्वीच सांगितलंय.”

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. पाहणीच्या नोंदीखाली तिने अंगठा दिला. मी शाईचं पॅड पुढे धरलं आणि नंतर तिचा अंगठा पुसायला माझा रुमाल दिला. तिने तो घेतला नाही. लुगड्याला पुसला.

खाली कशेळ्याला हॉटेलात चहा घेतला. मोन्सिनियर जरा निराश होते. म्हणाले, एवढ्या लांब येऊन काहीच नाही. मग बोलता बोलता त्यांनी दुसऱ्या एका चौकशीची आठवण सांगितली. तिथे कुणा मिशनऱ्याच्या थडग्याजवळच्या झाडाला लोकांनी दोरे आणि बांगड्या बांधल्या होत्या.

मी विचारलं, “मग ते काम अडलं असेल?”

“का अडेल?” ते म्हणाले. “तो नियम आपल्यासाठी आहे. आपण चर्चमध्ये वेदीवर फोटो ठेवायचा नाही, डोक्यामागे तेज काढायचं नाही. दुसऱ्या धर्माच्या लोकांनी आपल्या रीतीने आठवण ठेवली तर ती मी लिहून घेतो. लोक विसरले नाहीत, याचा त्याहून चांगला पुरावा कुठला?”

जीपचा ड्रायव्हर टायरमध्ये हवा भरायला गेला होता. दहा-पंधरा मिनिटं होती. तेवढ्यात मी बोललो असतो तर सगळे पुन्हा वर गेलो असतो. डोह काही खोल नव्हता. दगड निघाला असता, पदीबाईने त्यावर हात ठेवला असता. माझी नोटरीची नेमणूक गेली असती, बार रूममध्ये चर्चा झाली असती, इतकंच. मी ग्लास धरून बसलो. फादर ग्रेगरी माझ्याकडे पाहत होते. तेही काही बोलले नाहीत. ड्रायव्हर आला आणि आम्ही निघालो.

त्यानंतर मी कर्जतच्या चर्चमध्ये कन्फेशनला गेलो. काय सांगितलं? ‘दोन-तीनदा खोटं बोललो.’ रागावल्याच्या आणि रविवारची मिस्सा चुकवल्याच्या मध्ये घालून.

आक्षेपवाल्या फादरांचा अहवाल वर्षभराने आला. माझ्याच हस्ताक्षरातल्या ओळी त्यात टाइप केलेल्या होत्या. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार शपथ घेण्यास तयार नाही. घटनेच्या जागी कोणी येत नाही. हौतात्म्याची कीर्ती लोकांत टिकलेली दिसत नाही. फाइल बंद केली नाही, पण बाजूला ठेवली.

मी पदीबाईकडे एकदा गेलो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. तिने कोरा चहा दिला. दगडाचं नाव काढलं नाही.

“वकीलदादा, तुमचं काम झालं का?” तिने विचारलं.

मी म्हटलं, चालू आहे.

“मंग ठीक,” ती म्हणाली, आणि भात कांडायला लागली. मी ग्लास खाली ठेवून उठलो. तेवढ्यासाठी पाऊण दिवस मोडला होता, असं शांतारामला म्हटल्याचं आठवतं.

ती वारल्याचं मला शांतारामनेच सांगितलं. त्याच आठवड्यात मी बिशपांच्या कार्यालयाला पाच पानी प्रतिज्ञापत्र पाठवलं. सगळं लिहिलं. ती होती तोवर लिहिता आलं नाही, आणि ती गेल्यावर आलं. यातलं काय ते वाचणाऱ्याला कळेल.

उत्तर मोन्सिनियरांनी स्वतः दिलं, चार ओळींचं. ज्या नोटरीने एक साक्ष बदलली, त्याच्या सहीची कुठलीच साक्ष धरता येत नाही. म्हणजे मी लिहिलेले सगळे जबाब रद्द. कर्जतचे जुने स्टेशनमास्तर, फादरांबरोबर औषधं वाटणारे कंपाउंडर, त्यांचे झगे शिवून देणारा शिंपी. सगळ्यांनी खरं सांगितलं होतं आणि मी ते खरंच लिहिलं होतं. त्यातले बरेच आता हयात नाहीत. फादर इनासांची चौकशी पुन्हा उघडायची तर पहिल्या पानापासून, आणि पहिल्या पानावर बसवायला माणूस राहिलेला नाही.

पत्राच्या शेवटी मोन्सिनियरांनी मी कळवल्याबद्दल आभार मानले होते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या ज्युनियर वकिलांना मी हल्ली एक गोष्ट सांगतो. कोर्ट पाहणीला जाणार असेल, तर त्याआधी आपण जागेवर जाऊ नये. गेलात तर कशाला हात लावू नये. लावलात तर त्याच दिवशी लिहून द्यावं. ते वहीत उतरवून घेतात. का, ते कोणी विचारलेलं नाही, आणि मीही आजवर सांगितलेलं नाही.