हिरव्या धाग्याची किनार

सात रस्ता चौकाजवळ हुस्नाचं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखाली मांडलेली मशीन! पण गॅदरिंग आलं की शाळेचे सर तिच्याकडंच येणार, कारण तिच्या हातची शिवण पोरांच्या माकडउड्यांनाही दाद देत नाही.

यंदा विरेश सरांनी उडणाऱ्या फौजीचा गाजलेला सिनेमा नाचात बसवला. फौजी आभाळातून येतो, कुणाला काही विचारत नाही, एका लाथेत गल्ली साफ करतो आणि मागं झेंडा फडकतो. फौजी झाली होती हुस्नाची सना! पोरीचे पाय जमिनीला लागेनात.

"व्हिलनला काळे पठाणी आणि पांढऱ्या टोप्या. सिनेमात हायत तश्शा," सर म्हणाले. "टोपीचा नमुना तुमच्या घरीच असंल की!" वर हसले. मनात काही नव्हतं म्हणे. मग तोंडात कुठून आलं, देव जाणे.

हुस्नाला ते बोलणं झोंबलं. पण नाही म्हणावं तर सनाचा रोल जाणार. सासऱ्यांची, सनाच्या दादांची, राजेसाबांची टोपी तिनं खुंटीवरून काढली, माप घेतलं आणि मान वर न करता सगळ्या टोप्या शिवून टाकल्या.

रंगीत तालमीला हुस्ना सुईदोरा घेऊन स्टेजच्या कडेलाच बसली होती. गाणं सुरू झालं. सना धावत आली, लाथ उगारली आणि तशीच थबकली. समोरच्या पोराच्या टोपीला हिरव्या धाग्याची बारीक किनार होती. दर ईदला अम्मी दादांच्या टोपीला घालायची, तीच! हुस्नाचा हात आपला सवयीनं चालत गेला होता, बाईच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मार की सना! बघतीस काय?" सर खेकसले.

"अम्मी, ये तो दादा की टोपी हय."

सनानं पोराच्या डोक्यावरची टोपी काढली, झटकली, नमाजानंतर दादांची घालायची तशी घडी घातली आणि अम्मीच्या हातात दिली. मग फौजीचा कोटही उतरवला.

हुस्नाला रडू फुटलं. राग आला तो स्वतःचाच. पोरीसाठी म्हणून ती गप्प बसली होती ना! ती उठली आणि पोरांच्या डोक्यावरून एकेक टोपी गोळा करू लागली.

"अवो बाई, उद्या कार्यक्रम हाय! टोप्यांशिवाय वाईट माणूस कोण, ते लोकांना कळणार कसं?"

"ते मला शिवता यायचं न्हाय, सर," हुस्ना म्हणाली आणि सनाचा हात धरून पायऱ्या उतरली.