अण्णांच्या वाडीतल्या उंच पोफळी

मुंबईहून सकाळी सुटलेली बोट दुपार कलताना श्रीवर्धनसमोर थांबली. समोर म्हणजे भर समुद्रात. तिथून पडावात (माणसं उतरवणाऱ्या मोठ्या होडीत) उतरायचं, आणि पडाव वाळूला टेकण्याआधी गड्याच्या खांद्यावर बसून किनारा गाठायचा. माझ्या गड्याने निम्म्या वाटेत, "जड हाव तुमी," असं शांतपणे सांगून मला गुडघाभर पाण्यात उभं केलं. पुण्यात पॉलिश केलेल्या बुटांचं तिथेच वाटोळं झालं.

मी शेतकी शाळेतला मास्तर. आठ वर्षांपूर्वी सुपारीवर एक पत्रक लिहिलं होतं. जे रोप सर्वांत झपाट्याने वाढेल तेच लावा, बुटकी उपटून टाका, असा त्यात सल्ला होता. इथले बागायतदार दामूअण्णा यांनी तो देववाक्य मानून साठ पोफळी (सुपारीची झाडं) लावल्या, आणि दर दिवाळीला प्रत्येकीची उंची मला पत्राने कळवली. जुन्या झाडांनी त्या वयात गाठली नव्हती एवढी उंची यांनी गाठलेली. त्या आधारावर पत्रकाची दुसरी आवृत्ती निघून किनाराभर वाटली जाणार होती. छापायला देण्यापूर्वी झाडं एकदा डोळ्यांनी पाहावीत, म्हणून ही खेप.

मिठाच्या सत्याग्रहाला दोन हिवाळे उलटले होते, तरी बोटीवर गप्पा त्याच चाललेल्या. माझ्या शेजारी श्रीवर्धनचे एक मुसलमान व्यापारी बसले होते. मी कशासाठी चाललोय ते ऐकून म्हणाले, "मास्तरसाब, शेवगा दोन पावसांत कौलाच्या वर जातो. पन त्याच्या फांदीवर पाय ठेवाल काय?" शेवगा वेगळा आणि पोफळ वेगळी, हे मी त्यांना सविस्तर समजावलं. त्यांनी भिडेखातर मान डोलावली.

अण्णांकडे रात्री वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हणायला विसरलो. सकाळी वाडीत गेलो तेव्हा राघो पाडेली (झाडावर चढून सुपारी उतरवणारा) जुन्या ओळीत वर होता. चाळिशीचा, काटकुळा माणूस. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. घड उतरवला की तो झाडाचा शेंडा झुलवायचा, आणि शेंडा शेजारच्या पोफळीकडे झुकला की ती धरून पलीकडे जायचा. इथले सगळे पाडेली असंच काम करतात. पहिल्या झाडावर चढायचं आणि ओळीच्या शेवटच्या झाडावरून उतरायचं. 

जुनी ओळ संपली तसा राघो खाली आला आणि माझ्या पत्रकावरून लावलेल्या पोफळींकडे वळला. एकीवर चढला, घड उतरवला, खाली आला. मग दुसरीवर चढला, पुन्हा खाली.

"बघा," अण्णा वैतागून म्हणाले, "अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवस लांबवतो. दुसरे पाडेलीही आता याचंच बघून करायला लागलेत. तुम्हीच सांगा त्याला. शिकल्या माणसाचं ऐकेल."

मी राघोला कारण विचारलं. त्याने बोटाने जागा दाखवल्या. "हितं एक. त्या पाटाकडं दोन. विहिरीकडं लय गेल्या. वाऱ्यात मधनंच मोडतात."

"पण पत्रात तर साठच्या साठ होत्या," मी अण्णांना म्हणालो.

"साठच आहेत की, मोजा. वाडीत मोकळा खड्डा ठेवत नाहीत, मास्तर. मोडली की लगेच तिथे दुसरं रोप."

त्यांनी लपवलं काहीच नव्हतं. त्या नव्या रोपांच्या लहान उंच्याही पत्रांत असायच्या. पण ती रोगट समजून मीच दर वर्षी सरासरीतून वगळत आलो होतो. मेलेली झाडं माझ्या वहीत आलीच नव्हती, आणि जगलेल्यांच्या उंचीवर मी खूश होतो. राघोला मात्र प्रत्येक मेलेलं झाड पाठ होतं, कारण तिथे त्याला खाली उतरावं लागलं होतं.

मी खोडं हाताने पाहिली. जुन्या पोफळीच्या खोडावरची वळी (गळलेल्या झावळ्यांच्या कड्यासारख्या खुणा) दोन-दोन बोटांच्या अंतरावर होती, माझ्या पोफळीची वीतवीतभर. लाकूड भरायला झाडाला उसंतच मिळाली नव्हती. जुन्या ओळीतली एकच पोफळ आजवर पडली, आणि तीही वीज पडून, असं अण्णांनीच सांगितलं.

तोवर राघो पुढच्या झाडावर पोचला होता. अण्णांनी खालून हुकूम सोडला, "राघो, आता उतरू नकोस, तसाच पलीकडे जा. मास्तर आहेत इथे."

राघोने वरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, झाडं तुमी सांगून लावलेली हायेत. तुमी सांगा. झोका घेऊ?"

मी गप्प राहिलो. पोफळ वाऱ्याने हलत होती. मग म्हणालो, "नको. खाली ये."

अण्णांचं तोंड उतरलं. आठ वर्षांची मशागत त्यांची होती, मला बोलायला काय जातं. राघो खाली आला, फास झटकला आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "मी जानार न्हवतोच, मास्तर. तुमी काय सांगता तेवढं ऐकायचं व्हतं."

दोन दिवसांनी बोट मिळाली. पत्रक छापायला न देण्याचं वाटेतच ठरवलं. त्याला फार धैर्य लागलं नाही. त्या वाडीतला माझा गप्पपणा मात्र मनातून जाईना. माझ्या डोळ्यांसमोर मोडलेली झाडं होती, बोटांना वळी लागली होती, उत्तर ठाऊक होतं. तरी "नको" म्हणायला मला पानाचा विडा लावायला लागतो तेवढा वेळ लागला. तेवढा वेळ एक माणूस वर माझ्या शब्दासाठी थांबला होता, आणि मी दुसऱ्या आवृत्तीचा विचार करत होतो. याची मला अजून लाज वाटते.