बाबांचं गाऱ्हाणं माझ्या तोंडी

हे मला आत्येने शिकवलं. ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कोणाला वाटायचं की माझं मीच जमवलं. आत्ये म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून आमच्या घरातली चूल तिच्या ताब्यात आहे. गाऱ्हाणं घालणं आमच्याकडे पुरुषांचं काम, त्यामुळे तिने ते जन्मात कधी घातलं नाही. पण माजघराच्या दारामागे उभी राहून दर वर्षी ऐकलं. आणि तिने एकदा ऐकलेलं ती सहसा विसरत नाही, हे आमच्या घरात ज्याने ज्याने तिच्याशी भांडण केलंय त्याला विचारा.

आमच्या मालवणी मुलखाबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. चवथीला गणपतीची पूजा आटोपली की घरातला कर्ता पुरुष हात जोडून देवापुढे उभा राहतो आणि सगळ्या कुटुंबाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. काय चुकलंमाकलं ते पदरात घे, कोण आजारी आहे, कोण परगावी आहे, त्यांच्याकडे बघ. प्रत्येक मागणं संपलं की मागे उभे असलेले सगळे पुरुष एका सुरात म्हणतात, 'होय म्हाराजा!' आमच्या अकरा बिऱ्हाडांचा मिळून गणपती एकच, मूळ घरातला, म्हणजे आमच्या घरातला. आणि गाऱ्हाणं बाबांचं. मला आठवतं तेव्हापासून बाबांचंच.

बाबा शेतकरी. भात, काजू आणि हापूसची थोडी कलमं. उंची बेताची, आवाज मात्र असा की खळ्यातून म्हणजे अंगणातून हाक मारली की शेतातल्या मांगरामागच्या म्हशी मान वर करायच्या. पण खरं काम आवाजाचं नव्हतंच. चवथीच्या आधीचे चार दिवस ते बाकीच्या दहाही दारांत जाऊन यायचे. आत जायचे नाहीत, चहा घ्यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचे, "काय मागूचा आसा काय यंदा?" लहानपणी मी त्यांच्यासोबत फिरायचो. लोक काय काय सांगायचे! कोणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते, कोणाचा मुलगा मुंबईला जाऊन पत्र पाठवत नव्हता. बाबा मान हलवायचे आणि पुढच्या दारात. लिहून ठेवणं नाही, काही नाही. पैसे मागा असं कोणी म्हटलं तर मात्र सरळ सांगायचे, "पैसे तू मिळव. देवाकडे मी हात-पाय मागतंय."

आणि चवथीच्या दिवशी ते सगळं गाऱ्हाण्यात यायचं, पण असं की ज्याचं त्याला कळावं. "एका घरात एक गोष्ट अडली हा, ती तुका ठावक आसा रे म्हाराजा." त्या वेळी माजघरातली एक सून पदर डोळ्यांना लावायची आणि बाकीच्यांना वाटायचं चुलीचा धूर.

मी आठवीत शाळा सोडली. उभं राहून धडा वाच म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. वर्ग हसायचा. एक दिवस मी दप्तर घेऊन घरी आलो आणि परत जायचं नाही म्हणून सांगितलं. आई रडली. बाबांनी मला दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत नेलं, गवत काढायला लावलं आणि दुपारी जेवताना एवढंच म्हणाले, "घाबारलंस तर घाबार. पण जागेवरसून हलू नको. उबो रव." त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. गेली बारा वर्षं मी मस्कतला एका कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकाला आहे. दीडशे माणसांचं जेवण रांधतो आणि तिथे घाबरत नाही, कारण भाताच्या टोपाला उत्तर द्यावं लागत नाही.

गाऱ्हाणं शिकवा, असं मी बाबांना दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच. "मी आसंय मां अजून."

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत बाबा गेले. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. मग दिवस झाले, सगळे जायला निघाले, तेव्हा बाबांच्या चुलत भावाने खळ्यात मला थांबवलं. हे काका निवृत्त मास्तर, बोलण्यात पट्टीचे. म्हणाले, "चवथीचा गाऱ्हाणा आता तुझ्याकडे येता. तुका जमाचा नाय तर आताच सांग. मी घालतंय. मगे एकदा माझ्या घराकडे गेला की परत मागू नको, झगडो नको."

बोलण्यात वाईटपणा नव्हता. आमच्याकडे तशीच रीत आहे. कर्त्याच्या मुलाने पहिल्या वर्षी गाऱ्हाणं घातलं नाही तर ते दुसऱ्या घरात जातं आणि तिथेच राहतं. मी म्हटलं, "मीच घालतलंय." आणि रजा संपली तसा परत गेलो.

मस्कतला शुक्रवारी सुट्टी. दुपारी मी घरी फोन लावायचो. एकदा रडकुंडीला येऊन आत्येला म्हटलं, की काकांना सांगून टाकतो, आपल्याला जमणार नाही.

"कित्याक? तुझो बापूस काय आकाशातसून शिकान इल्लो?" ती म्हणाली. "वही घे. लिही."

आणि तिने चालू केलं. बाबांचा शब्द न् शब्द, श्वास कुठे घ्यायचा, 'म्हाराजा' कुठे लांबवायचा, सगळं. मागे कुकरची शिट्टी व्हायची, ती तेवढ्यापुरती थांबायची आणि तिथूनच पुढे. मी म्हटलं, "गो आत्ये, तुका ह्या सगळा येता?" तर म्हणते, "इतकी वर्सां दाराआड काय झोपा काढी होतंय?"

एका ठिकाणी ती अडखळली. बाबांच्या गाऱ्हाण्यात शेवटी माझ्यासाठी, त्यांच्या झिलासाठी म्हणजे मुलासाठी, एक मागणं असायचं. मी दूर असल्यामुळे बारा वर्षांत ते कधी ऐकलंच नव्हतं. "माझो एक झील दर्यापलीकडे आसा. बोलूक भियाता, पण मनान बरो आसा. त्येका सांभाळ आणि येळेर घराक आण रे म्हाराजा." तिने ते सांगितलं, मी लिहून घेतलं. "ह्या तू म्हणू नको," ती म्हणाली. "ता दादाचा होता."

मी कांदा चिरताना म्हणायचो, पीठ मळताना म्हणायचो. सोबतचा केरळी आचारीसुद्धा नकळत 'होय म्हाराजा' म्हणायला शिकला.

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. पूजा झाली, भटजी बाजूला झाले. मागे अकरा घरांचे पुरुष, पुढे मी. जीभ टाळूला चिकटली ती तशीच सोडवली आणि सुरुवात केली. "बा देवा गजानना म्हाराजा, तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

मागून आवाज आला आणि मला धीर आला. पुढचं पाण्यासारखं चाललं. इतकं चाललं की थांबायचं कुठे याचं भानच राहिलं नाही. पाठ केलेली गोष्ट मध्येच गाळता येत नाही, तोंड आपोआप पुढे जातं.

"माझो एक झील दर्यापलीकडे आसा..."

मी ते सगळं बोललो. 'घराक आण रे म्हाराजा' पर्यंत बोललो. आणि मागून काहीच आलं नाही.

माझं लग्न झालेलं नाही. चुलत बहिणीची पाच वर्षांची मुलगी आईला मोठ्याने म्हणाली, "आई, ह्येचो झील खंय आसा?" कोणीतरी हसू दाबलं. काकांनी घसा साफ केला. माझ्या डोळ्यांपुढे आठवीचा वर्ग उभा राहिला. पाय मागे वळायला निघाले होते.

तेवढ्यात माजघरातून आत्ये खणखणीत आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!"

बायका गाऱ्हाण्याला साद देत नाहीत. निदान आमच्याकडे तोवर कोणी दिली नव्हती. पण तिने दिली आणि तिच्यामागून सगळ्या पुरुषांनी, थोडं बावचळून का होईना, 'होय म्हाराजा' म्हटलं.

यापुढचं वहीत नव्हतं. मी म्हटलं, "ह्या मागणारो यंदा हयसर उबो नाय, तो तुझ्याकडे इलो हा. त्येना ज्येच्या ज्येच्यासाठी मागितल्यान, ता तसाच चालू ठेव रे म्हाराजा." या वेळी साद अशी आली की गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधलेल्या सुपाऱ्या हलल्या. निदान मला तरी तसं वाटलं.

आरती झाल्यावर काका जवळ आले. "मेल्या, बापाशीची नक्कल करूक गेलंस आणि स्वतःचोच बापूस झालंस!" सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी पाठीवर हात ठेवला. "फुडच्या वर्सा चार दिवस आधी ये. घराघरात इचारूक होया. नुसत्या पाठांतरावर चलाचा नाय."

दोन दिवसांनी निघायच्या वेळी मी चुलीपाशी गेलो. पुढच्या वर्षीची सुरुवात आत्तापासूनच करू म्हटलं आणि आत्येला विचारलं, "गो आत्ये, तुका काय मागूचा आसा?"

ती तव्यावरचा घावणा काढत होती. हात थांबला. "माका?" म्हणाली. "माका कोण इचारतलो? दादा भायरच्या दारांनी फिरायचो. मी घरातलीच."

मग काय हवं ते तिने सांगितलं नाही. "सांगान मगे," म्हणाली आणि घावणा माझ्या ताटात वाढला.

आत्ये, हे तुला कोणीतरी वाचून दाखवेल म्हणून लिहितो. तू सांग. पुढच्या वर्षी सांग नाहीतर दहा वर्षांनी. मालकाने रजा दिली नाही तर नोकरी सोडून येईन, देवापुढे उभा राहीन आणि तुझं मागणं सगळ्यात पहिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन.