मावशीचा एक इंग्रजी शब्द

कचेरीत सगळ्यांची ती मावशी होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फरशा पुसायच्या, टेबलं झटकायची, कचऱ्याच्या बादल्या रिकाम्या करायच्या आणि शेवटी दोन्ही टोकांचे संडास धुवायचे, असं तिचं काम. फडकं मारणाऱ्या बाईसमोर कोणी बोलणं आवरतं घेत नाही. त्यामुळे मावशीच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडायचं. बरंचसं डोक्यावरून जायचं, पण एक शब्द मात्र तिने पकडला, कारण तो सगळ्यांच्याच तोंडी होता.

शिट.

कॉफी सांडली की शिट. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की शिट. कोणाचा हात दारात चेमटला की दात ओठ खात, शिट. बरं, वाईटच गोष्टीला म्हणतात म्हणावं, तर तसंही नव्हतं. एकाने नवीन गाडीचा फोटो दाखवला, तर शेजारचा डोळे विस्फारून म्हणाला, "होली शिट." मोठ्या साहेबांनी एकदा कोणाचं तरी काम बघून पाठ थोपटली आणि म्हणाले, "गुड शिट." कुरळ्या केसांच्या मुलीला मैत्रिणीने फोनवर काहीतरी दुःखाचं सांगितलं असावं, तर ती खुर्चीत मागे टेकून अगदी हळू म्हणाली, "ओ, शिट."

मावशीने आपल्यापुरता हिशेब लावला. आपण नाही का, हळहळलो तरी "अगंबाई" म्हणतो आणि हरखलो तरी "अगंबाई"च म्हणतो. तसाच हा साहेब लोकांचा शब्द. नुसता सूर बदलायचा, की कुठेही चालतो. एवढी मोठी भाषा, आणि तिचा एवढा सोयीचा शब्द आपल्याला फुकटात सापडला, याचं तिला भारी कौतुक वाटलं.

दुपारी काम संपलं की ती नातीला आणायला शाळेत जायची. नात पाच वर्षांची, गोलमटोल, म्हणून घरात सगळे तिला ठमी म्हणत. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, सून औषधांच्या दुकानात. दोघं घरी येईपर्यंत ठमी आजीच्या ताब्यात. सुनेची एकच इच्छा होती, पोरीला इंग्रजी फाडफाड यायला हवं. ती स्वतः रात्री जेवताना पोरीशी जमेल तेवढं इंग्रजी बोलायची. त्या बोलण्यात मावशीला जागा नसे. ती वाढायची आणि ऐकायची.

पण दुपार तिची होती. ठमीची पेन्सिल तुटली की आजी म्हणायची, "शिट." ठमी हसायची. फुगा फुगला की दोघी मिळून, "होली शिट." भातुकलीतली बाहुली आजारी पडली की आजी तिच्या कपाळावर हात ठेवून कुरळ्या मुलीसारखीच हळू म्हणायची, "ओ, शिट." ठमीने हे सगळे सूर जसेच्या तसे उचलले. आई घरी यायच्या आत खेळ आवरलेला असायचा, म्हणून सुनेला यातलं काही कळलं नाही.

मग ठमीच्या वर्गाच्या मिसची आई वारली. मिस काही दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते, आणि पोरांनी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, "माझी आई देवाघरी गेली." ठमी बाकावरून उठली, मिसजवळ गेली, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "ओ, शिट."

ज्यांना अर्थ माहीत होता ती पोरं फिसकन हसली. मिस रडत बाहेर गेल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कुठल्या कुठल्या घरात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी ठमीच्या आईवडिलांना शाळेतून बोलावणं आलं.

मावशी नेहमीसारखी नातीला घ्यायला गेली होती, तिलाही आत बसवलं. मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. मोठ्या बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मूल असा शब्द आपल्या मनाने बोलत नाही. घरात कोणीतरी बोलत असणार."

"आमच्या घरात असं कोणी बोलत नाही," सून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मुलगा मान खाली घालून बुटांकडे बघत होता.

"कुठला शब्द?" मावशीने विचारलं.

मोठ्या बाईंनी नाइलाजाने तो उच्चारला.

मावशीचा चेहरा खुलला. एवढंच होय? "तो मीच शिकवला," ती म्हणाली. तिने पदर सारखा केला. आपण कुठल्यातरी कामाला आलो असं तिला वाटत होतं. "आमच्या कचेरीत सगळे बोलतात तो. मोठे साहेबसुद्धा."

मावशीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू आपोआप मावळलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिने सुनेला विचारलं, "काय अर्थ आहे त्याचा?"

"जाऊ द्या, आई."

"सांग ना."

सून चालायची थांबली. "गू," ती म्हणाली. "तुम्ही रोज संडासात धुता ना, ते."

मावशी उभीच राहिली. ठमी बापाच्या कडेवर होती, ती मागे वळून आजीकडे बघत होती. "मग ते लोक दिवसभर," मावशीने सुरुवात केली आणि तिथेच सोडून दिलं. दुःखाच्या बातमीलाही ते तेच म्हणतात, शाबासकीलाही तेच, हे कोणाला सांगायचं? आणि सांगून मिसच्या डोळ्यांतलं पाणी थोडंच परत जाणार होतं?

पुढच्या महिन्यापासून ठमीला शाळा सुटल्यावर पाळणाघरात ठेवायचं ठरलं. सून भांडली नाही, टाकूनही बोलली नाही. "आई, तुम्हालाही जरा आराम मिळेल," एवढंच म्हणाली. भांडली असती तर मावशीला उत्तर तरी देता आलं असतं. तिने मुलाला एकटं गाठलं. "मी तोंड उघडणार नाही रे तिच्यासमोर. नुसती बसेन. जेवायला घालीन, झोपवीन."

"बघू, आई," तो म्हणाला. 'बघू' म्हणजे काय, ते मावशीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कचेरीत शब्द चालूच राहिला. आता तो कानावर पडला की मावशीचं फडकं जागच्या जागी थांबायचं. एके दिवशी कुरळ्या मुलीला फोन आला, तिच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडावर हात ठेवून पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत राहिली. मावशी तिच्याजवळ गेली. काहीतरी बोलायला हवं होतं. पण तिचा आता कुठल्याच शब्दावर भरवसा उरला नव्हता. ती नुसती शेजारच्या पायरीवर टेकली. मुलगी गेल्यावर उठली आणि राहिलेला जिना पुसून काढला.

काम संपल्यावर घरी जायची घाई नसे. सुरुवातीला ती पाळणाघरासमोरून जाऊन बघायची. मग तिथल्या बाईने सांगितलं, "आजी, तुम्ही दिसलात की पोरगी रडते, नंतर आवरत नाही." मावशीने तो रस्ता सोडला.

ठमी मोठी होत गेली, इंग्रजी खरंच फाडफाड बोलू लागली. सुट्टीच्या दिवशी आजीच्या शेजारी बसून शाळेतल्या गोष्टी सांगायची. आजी मान डोलवायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची.

"आजी, तू काहीच का बोलत नाहीस?" एकदा तिने विचारलं.

सून ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं क्षणभर थांबलं.

"ऐकतेय ना," आजी म्हणाली. "तू सांग."