पावडर लावलेली भांडी

आमच्या चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी व्हायची असली, की तो स्कॅनिंगवाला पोरगा आधी येऊन कॅमेऱ्याने तिचं थ्रीडी चित्र काढतो. डोळ्यांवर व्हीआरचा मोठा चष्मा चढवला, की दूरदेशीचा माणूसही त्या खोलीत फिरून येतो. चपला बाहेर काढून, श्वास रोखून तो खोलीला तीन फेऱ्या मारतो: कॅमेरा गुडघ्याशी, मग छातीशी, मग हात वर करून. नमस्काराच्या आधी "टेन्शन नाय" म्हणतो.

घरातली पहिली बी.कॉम. मी, म्हणून त्याला मीच बोलावलं. मस्कतच्या ताईला खोली सोडण्याआधी येता येणार नव्हतं. तिला दिसणार म्हणून आईने मांडणीवरची पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत केली होती.

ती बघून तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काकी, चमकणारं कॅमेऱ्याला नीट दिसतच नाय. चित्रात तिथे भोकं पडतील." आणि पिशवीतला पावडरचा डबा काढून त्याने सगळी भांडी पांढरी केली.

"लेकीसमोर लाज काढतोस होय रे माझी?" आई करवादली.

अर्ध्या तासाने ताईने तिकडे चष्मा लावला. फोनच्या स्पीकरवर तिचं पहिलंच वाक्य आलं, "आई, भांडी घासली नाहीस?"

आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात मोरीतून तो ओरडला, "ताई, काकींनी घासलेली! पावडर मी फासली, आता मीच घासतोय."

बाह्या सरसावून तो खरंच तांब्या घासत होता. आई त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"बूड राहिलं बघ," ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर आणखी चिंच ठेवली.