बेथलेहेमचा तारा आणि आमचे नानाशास्त्री

दुर्बिणीला डोळा लावायला चार माणसं जमली, की तारे मोजकेच दिसतात आणि किस्से मात्र ढीगभर जमतात! मी ठाण्याच्या मिशन शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे ते सगळे माझ्याच पदरात पडले. आता पेन्शन घेऊन कल्याणला बसलोय. कोणी चहाला आलं की त्याची सुटका नाही!

*

आमच्या पाद्रीसाहेबांना आकाशाचं भारी वेड. त्यांनी विलायतेहून टेलिस्कोप मागवलेला. ठाणे स्टेशनात ती लांबलचक पितळी नळी पेटीतून बाहेर निघाली आणि हमाल "तोफ! तोफ!" करत पळाले. फौजदार आला. साहेब समजावतायत, पण तो ऐकेल तर शपथ!

"ते राहू द्या साहेब! याचा गोळा कुठाय?"

संध्याकाळ झालेली. खाडीपलीकडे पौर्णिमेचा चंद्र नुकता वर आलेला. साहेबांनी शांतपणे तिकडे बोट केलं.

"तो काय, वर!"

*

कल्याणचे नानाशास्त्री पंचांग करायचे. विलायती नळीला हात लावणार नाही म्हणून अडून बसलेले. शेवटी एकदा दिवेलागणीला मी त्यांना शनी दाखवलाच. बराच वेळ डोळा हलेना. मग एकदम ओरडले, "मास्तर! याच्या अंगावर कडं आहे हो!"

"आहेच मुळी."

"साडेसातीत मला पार धुऊन काढलंन, आणि स्वतः दागिने घालून बसलाय!"

*

नाताळात पाद्रीसाहेबांनी तारणहाराच्या जन्माची गोष्ट सांगितली. पूर्वेच्या ग्रहतारे जाणणाऱ्या ज्ञानी लोकांनी नवा तारा पाहिला आणि त्याच्या मागोमाग चालत ते बेथलेहेम गावी बाळापर्यंत पोचले. नानाशास्त्री मागच्या बाकावर बसलेले. सर्मन संपताच उभे राहिले.

"म्हणजे तुमच्या देवाचं दर्शन आधी जोशांना झालं म्हणायचं!"

"तसं म्हणता येईल," साहेब म्हणाले.

"मग दर रविवारी जोशांना शिव्या का?"

साहेब खो खो हसले. पुढच्या रविवारपासून शिव्या बंद!

*

मग दोघांना एकच ध्यास लागला, तो तारा होता तरी कोणता? साहेबांनी वाचलेलं, की त्या सुमारास गुरू आणि शनी मीन राशीत एकत्र आले होते. शास्त्रीबुवांनी आपल्या पद्धतीने उलटं गणित मांडलं. आठवडाभर पाटीवर खडू फिरत होता. उत्तर आलं, मीन! साहेबांनी त्यांना कडकडून मिठी मारली. शास्त्रीबुवांनी घरी जाऊन अंघोळ केली, पण मिठी सोडवून घेतली नाही हे मी पाहिलंय.

मी विचारलं, "पण दोन ग्रह जवळ आले तरी दोनच दिसणार. गोष्टीत तर एकच तारा आहे?"

दोघं एकदम म्हणाले, "ठाऊक नाही!"

शास्त्र आणि धर्म यांचं इतकं एकमत मी पुन्हा पाहिलं नाही.

*

दिवाळीनंतर मुंबईच्या कुठल्याशा पेपरात आलं, बेथलेहेमचा तारा परत उगवणार. आणि पहाटे पूर्वेला खरंच एक झगझगीत तारा! कोणीतरी कळव्याच्या मिठागरांवर गोष्टीचा पुढचा भागही पोचवला, की तारा म्हणजे नवा राजा जन्मला, या धास्तीने त्या वेळच्या राजाने गावातली बाळं मारली होती. त्याच सुमारास शेजारच्या गावात देवीची साथ आलेली. सरकारी डॉक्टर देवी टोचायला कळव्याला गेला, तर आयांनी पोरं लपवली. "तारा दिसला म्हनून सरकार पोरां मारतंय!"

पाद्रीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या गोष्टीमुळे मुलं मरतील!"

"तो शुक्र आहे. चला, दाखवू," शास्त्रीबुवा म्हणाले.

होडीतून टेलिस्कोप खाडीपार नेला, डॉक्टरलाही सोबत घेतलं. उजाडता उजाडता सगळं गाव जमलं. मिठागरावरची बायजी सर्वांत पुढे, पदराखाली तान्ही लेक.

शास्त्रीबुवा गरजले, "हा शुक्र माझ्या पणजोबांच्या पंचांगातही आहे! दीड-दोन वर्षांनी पहाटे उगवतोच. दर खेपेला राजा जन्मला असता, तर ठाण्यात उभं राहायला जागा उरली नसती!"

सूर्य वर आला, तरी साहेबांनी शुक्र नळीतून सुटू दिला नाही. बायजीने डोळा लावला आणि ओरडली, "आगो बाय, कोर! चंद्रावानी कोर, नं ती बी दिसाची!"

मग काय, झुंबड! त्या दिवशी डॉक्टरपुढची रांग दुपारपर्यंत हटली नाही. पण पहिला नंबर बायजीचा. ती लेकीला घेऊन निघाली, तेव्हा एका म्हाताऱ्याने तिला अडवलं. "आन खराच राजा आला आसंल त?"

बायजीने लेकीचा दंड उघडा करून डॉक्टरपुढे धरला.

"राजा व्हवाला बी आधी जगावं लागतं. टोच!"