क्रियापददादांची वही

क्रियापददादांच्या वहीची झेरॉक्स काढून, बाइंडिंग करून आणतो, असं मी आपणहून म्हणालो आणि ती सात महिने स्कूटरच्या डिकीत ठेवली. एकुलती एक प्रत. बंगालमधल्या वर्धमानला राहणाऱ्या नातीसाठी दादांनी तीत इंग्रजी क्रियापदांचे अर्थ आणि उगम बंगालीत लिहिले होते. दर रविवारी नात फोनवर वहीचं विचारायची, दर सोमवारी दादा मला. मी म्हणायचो, "उद्या नक्की."

दादा आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. नाशकात तीस वर्षं काढून मराठी अस्खलित झालं होतं. फक्त स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग त्यांना नामंजूर होतं. नियम एकच: क्रिया डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत उदाहरण लिहायचं नाही. 'हॅगल'साठी ते माझ्या बायकोमागोमाग भाजीबाजारात गेले. ही कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करतेय आणि हे सांगतायत, "वहिनी, ह्याचा मूळ कापण्यात आहे, तोडण्यात." भाजीवाली म्हणाली, "ताई, ह्यांना घरी ठेवून येत जा." तेही वहीत गेलं.

माझा छळ वेगळा. वही दादांकडेच होती तेव्हा एकदा लिफ्ट बंद होती, भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन मी जिन्यात. दादांनी दार उघडलं. "हा 'स्ट्रगल'. थांबा, तसेच थांबा," म्हणत वही आणायला आत गेले. परत येऊन खिन्नपणे म्हणाले, "ह्याचा मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही."

"दादा, आधी बाजूला सरका," मी म्हणालो.

मग दादा कायमचे मुलाकडे वर्धमानला निघाले. निघायच्या सकाळी मी डिकीतून वही काढली. कव्हरवर ऑइलचा डाग.

"झेरॉक्स राहिलीच, दादा. उद्या उद्या करत..."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, एक पान शोधलं. 'प्रोक्रॅस्टिनेट': पुढे ढकलणं, पोटात लॅटिनमधला 'उद्या'. उदाहरणापुढे कोरं.

"पूर्ण वहीत हा एकच जागा राहिला होता," दादा म्हणाले, आणि बंगालीत सावकाश माझं नाव लिहिलं. पाठीवर हात ठेवला. रिक्षा वळेपर्यंत वही छातीशी धरलेली दिसत होती.

वर आलो तर बायको म्हणाली, "चला, तुमच्या हातून दादांचं एक काम तरी पूर्ण झालं."